चौकटीवरील कमळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत भूम गांवांतील एक जुना माळवदाचा वाडा उतरविण्यांत आला. वाडा पडीक झाला होता, भिंतींना बाक आला होता, आणि त्या जागीं सिमेंटचें नवें घर बांधावें असें मालकानें ठरविलें, यांत त्याचा कांहीं दोष नव्हता. दगड एकानें नेले, माती शेतांत गेली, आणि सागाची मोठी दारचौकट तुकडे करून जळणाच्या भावानें विकली गेली. त्यांपैकीं वीतभर लांबीचा एक तुकडा आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उचलून ठेविला व शाळा उघडल्यावर आमच्या टेबलावर आणून मांडला. त्यावर आठ पाकळ्यांचें एक कमळ कोरलेलें होतें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानें व तेलाच्या हातांनीं तें काळें पडलें होतें. परंतु डोळे मिटून बोट फिरविलें तरी पाकळ्या मोजतां येत होत्या, इतक्या त्यांच्या कडा स्पष्ट होत्या. विद्यार्थ्यानें एकच प्रश्न विचारला, "सर, हें कोणीं केलें?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. वाड्याच्या मालकासहि देतां आलें नाहीं. वाडा कोणत्या पूर्वजानें बांधविला हें त्याला ठाऊक होतें. चौकट कोणीं घडविली हें ठाऊक नव्हतें. अखेर तो तुकडा घेऊन आम्ही व तो विद्यार्थी गांवांतील एका वृद्ध सुतारमिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं तो उजेडाकडे तिरपा धरला, पाकळ्यांच्या खांचांवरून आंगठा फिरविला, थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, "सर, ह्यो मानूस डावखोरा व्हता बघा. हत्यार समदीकडं उलट्या अंगानं चाललंय."

विद्यार्थ्याचे डोळे विस्फारले. ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, त्याचा हात शंभर वर्षांनंतर एका जाणत्यानें ओळखिला! परंतु मिस्त्रींचें पुढचें वाक्य आमच्या मनांत अधिक खोल रुतलें. विद्यार्थ्यानें विचारलें, "आजोबा, तुमच्या मुलाला येतं का हें?" ते हंसले व म्हणाले, "न्हाई बाळा. त्याला मीच हत्याराला हात लावूं दिला न्हाई." त्यांचा मुलगा पुण्याकडे एका कारखान्यांत नोकरीस आहे व सुखी आहे. तेव्हां ही तक्रार नव्हती. तरी त्या दोन वाक्यांमधील अंतर आम्हांस बेचैन करीत राहिलें, आणि त्याविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, लांकडावरील कोरीव काम ही आपल्या भागांत परकी वस्तु नव्हे. आपल्याकडील जुनें घर म्हणजे लांकडी सांगाड्याचें माळवद. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर लग, लगावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन, आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील जागेस खण म्हणावयाचें आणि "किती खणांचें घर?" असें विचारून घरधन्याची ऐपत ओळखावयाची. या सांगाड्यांत सुताराची कला प्रकट होई ती मुख्यत्वें तीन ठिकाणीं: दाराच्या चौकटीवर, खांबाच्या माथ्यावर आणि देव्हाऱ्यावर. चौकटीच्या वरच्या आडव्या लांकडावर मधोमध गणपति, म्हणून तिला गणेशपट्टी म्हणतात. दोन्ही अंगांस वेल, कमळें, मोर, पोपट. हें काम करणारा सुतार तोच, जो एरवीं बाभळीचे नांगर, कुळव, तिफणी घडवी, गाडीच्या धावा बसविण्यापूर्वीं चाकें जुळवी, आणि वर्षअखेर खळ्यावर बलुतें घेई. तिफणीच्या फणास जी हातोटी लागे, तीच कमळाच्या पाकळीस लागे.

आणि ही परंपरा किती जुनी आहे, हें पाहण्यास आपणांस आपल्या जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. तेर हें आपल्याच धाराशिव जिल्ह्यांतील गांव. संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याचें प्राचीन नांव तगर. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत त्या व्यापारपेठेचा उल्लेख आहे. तेथील उत्तरेश्वराच्या विटांच्या प्राचीन मंदिराची कोरीव लांकडी चौकट हजार वर्षांच्या पलीकडची मानिली जाते व ती आज तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत ठेविलेली आहे. त्याच गांवीं सांपडलेली हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई शहराच्या उत्खननांत मिळालेल्या तशाच मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्या काळीं आपल्या देशांतील कारागिरांचा हात समुद्रापलीकडे ओळखला जात होता, एवढें यावरून दिसतें.

सहलीस वेरूळला गेलेल्या विद्यार्थ्यांस दहावें लेणें आठवत असेल. लोक त्याला "सुतार का झोपडा" म्हणतात, विश्वकर्म्याचें लेणेंहि म्हणतात. तें सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचें. आंत जाऊन छताकडे मान वर केली म्हणजे लांकडी कमानदार वाशांसारख्या दगडी फांसळ्या ओळीनें दिसतात. त्या फांसळ्यांवर छताचा भार नाहीं. तो सारा डोंगरच एकसंध आहे. मग त्या कोरल्या कशासाठीं? कारण दगड फोडणाऱ्या शिल्प्यांच्या डोळ्यांपुढें लांकडाचीं मंदिरें व सभागृहें होतीं. पुणें जिल्ह्यांतील कार्ल्याच्या चैत्यांत तर दगडी छताखालीं बसविलेले खरे सागवानी वासे सुमारें दोन हजार वर्षें आपल्या जागीं आहेत. सारांश, ज्या लेण्यांचा आपण अभिमान बाळगतों, त्यांच्या घडणीचा धडा सुतारानें दिलेला आहे. दगड टिकला म्हणून शिल्पकाराचें नांव झालें. लांकूड जळलें, कुजलें, वाळवीनें खाल्लें, म्हणून सुतार विस्मरणांत गेला. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लांकडी मजले १८२८ च्या आगींत गेले. १८०७ च्या सुमाराच्या विश्रामबागवाड्याची सागवानी दर्शनी बाजू वांचली, म्हणून सुरूच्या खांबांवरील काम आज पाहावयास तरी मिळतें.

असो. इतिहासाचा अभिमान ही एक गोष्ट आणि मुलांच्या हातीं पटाशी देणें ही दुसरी. आमचें मत असें आहे कीं, आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलानें व प्रत्येक मुलीनें, मग तीं कोणत्याहि घरचीं असोत, निदान एक साधें कमळ आपल्या हातांनीं लांकडावर कोरून पाहिलें पाहिजे.

हें ऐकून पहिला आक्षेप येतो तो अत्यंत न्याय्य आहे, आणि तो एका पालकांनींच पालकसभेनंतर आमच्यापुढें ठेविला. ते म्हणाले, "सर, आमच्या बापजाद्यांनीं जन्मभर वाकसच चालविला. पोराला शाळेंत घातलें तें पुन्हा त्याच कामाला जुंपण्यासाठीं कां?" या प्रश्नास गुळमुळीत उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या समाजानें माणसाचा धंदा त्याच्या जन्मावरून ठरविला, चौकट पूजिली पण चौकट घडविणाऱ्यास ओसरीच्या कडेला बसविलें, त्या समाजांत "कला जपा" हा उपदेश कारागिराच्याच मुलास करणें म्हणजे त्याच्या पायांतील बेडीस फुलें वाहणें होय. मिस्त्रींनीं आपल्या मुलास हत्यार धरूं दिलें नाहीं, तें या अनुभवामुळें.

आणि या बाबतींत आम्ही ज्या संस्थांत शिकून पदवीधर झालों, त्या मिशनसंस्थांचीहि एक चूक कबूल केली पाहिजे. मिशनांनीं आपल्या देशांत हस्तोद्योगाच्या शाळा काढिल्या, हें त्यांना भूषणास्पद आहे. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) येथें अमेरिकन मराठी मिशनची सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा होती. १९०० च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या कितीएक मुलांना अशा शाळांनीं पोटास व स्वाभिमानास आधार दिला. परंतु बहुधा असें झालें कीं, अनाथ व गरीब यांनीं रंधा धरावा आणि बाकीच्यांनीं पुस्तक धरावें, अशी वांटणी नकळत रूढ झाली. हात शिकवावयाचे ते गरजूंचे व डोकें शिकवावयाचें तें सुस्थितांचें, ही समजूत जातिभेदाचीच सख्खी भावंड आहे. ज्या प्रभूच्या नांवानें त्या शाळा चालल्या, तो नासरेथांत सुतार म्हणून ओळखला जात होता; आणि निर्गमाच्या पुस्तकांत पवित्र मंडपाच्या कामासाठीं बसालेलाची निवड होते, तेव्हां लांकूड कोरण्याचें कौशल्य हें ईश्वराच्या आत्म्याचें दान म्हणून गणिलें आहे. हें आम्ही दर रविवारीं वाचीत आलों आणि सोमवारीं विसरत आलों.

तेव्हां त्या पालकांस आमचें उत्तर हें: सुताराच्या मुलासच सुतारकाम शिकवूं नका, हें तुमचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. वकिलाच्या मुलास, डॉक्टरांच्या मुलीस, शेतकऱ्याच्या व शिक्षकाच्या मुलांस, सर्वांस एका बाकावर बसवून तें शिकवा. ज्या दिवशीं मामलेदारांचा मुलगा आपली पटाशी घसरून पाकळी मोडेल आणि शेजारच्या सुताराच्या मुलाकडे "कसें धरतोस, दाखव ना" म्हणून वळेल, त्या दिवशीं दोघांनाहि जें शिक्षण मिळेल तें कोणत्याहि नागरिकशास्त्राच्या धड्यांत नाहीं.

ही कल्पना आमच्या पदरची नव्हे. फिनलंड देशांत १८६६ मध्यें शाळांच्या शिक्षणक्रमांत हस्तकाम आलें. शेजारच्या स्वीडनांतहि तीच पद्धति "स्लॉइड" या नांवानें वाढली. मुलांना सुतार बनविणें हा तिचा हेतु नव्हता, तर हात, डोळा व मन यांस एकत्र वळण लावणें हा होता. महात्मा गांधींनीं १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंत हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाचा विचार देशापुढें मांडिला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तर स्पष्ट सुचविलें आहे कीं, सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना यावें व सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणत्यांजवळ बसून काम शिकावें. म्हणजे आम्ही नवें कांहीं मागत नाहीं. कागदावर आहे तें करावें, एवढेंच म्हणतों.

आतां या कामानें मुलास मिळतें काय? ज्यानें कधीं पटाशी धरली नाहीं त्यास वाटतें कीं, नक्षी म्हणजे केवळ शोभा. वस्तुतः त्यांत बुद्धीचें काम पहिल्या क्षणापासून आहे. लांकूड वाळलेलें पाहिजे, नाहींतर तें पुढें आकसतें व तडकतें. त्याच्या तंतूंची दिशा ओळखतां आली पाहिजे. आठ पाकळ्यांचें कमळ आंखावयाचें तर वर्तुळांत परस्परांस लंब असे दोन व्यास काढून कोन दुभागावे लागतात. वर्गांत जें प्रमेय कंटाळवाणें वाटतें तें येथें कामास येतें. मग रेषेवर पटाशी उभी धरून मोगरीच्या हलक्या ठोक्यांनीं छेद घ्यावयाचा. नंतर नक्षीबाहेरील जमीन सपाट पटाशीनें थोडी थोडी खालीं न्यावयाची. मग गोल धारेच्या पटाशीनें पाकळीस उतार द्यावयाचा. आणि शेवटीं अगदीं बारीक हत्यारानें कडा व शिरा साफ करावयाच्या. लांकूड नीट जखडलेलें असावें, दोन्ही हात हत्यारावर असावेत, आणि धारेच्या पुढें स्वतःचा हात कधींहि नसावा. हा नियम पाळला तर पालकांनीं इजेची फारशी धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. बोथट हत्यार मात्र धोक्याचें. त्यास जोर लावावा लागतो व जोर लावला कीं तें घसरतें. म्हणून मिस्त्रींनीं आमच्या विद्यार्थ्यास पहिला संपूर्ण दिवस कांहीं कोरूं दिलें नाहीं. दगडावर धार लावावयास बसविलें.

यांत तीन गोष्टींचें शिक्षण होतें. एक धीराचें: आपल्या तालुक्याचा खवा दूरदूर जातो, भट्टीवर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, घाईनें आंच वाढविली तर दूध लागतें व सगळी कढई जाते. पटाशीचेंहि तसेंच. दुसरी गोष्ट खरेपणाची: तंतूंच्या उलट हत्यार चालविलें तर लांकूड तत्काळ फाटतें, तेथें सबब चालत नाहीं व कोणाची शिफारस चालत नाहीं. तिसरी गोष्ट चूक सोसण्याची: कागदावरील चूक रबरानें पुसतां येते; लांकडावरील पुसतां येत नाहीं, ती पोटांत घेऊन नक्षी बदलावी लागते. परीक्षेंत एक गुण कमी पडला म्हणून खचून जाणारीं मुलें आम्ही दरवर्षीं पाहतों. त्यांना हा तिसरा धडा फार हवा आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. संगणकाच्या सूचनेवर चालणारें कोरणीयंत्र आज थोड्या तासांत संपूर्ण दार कोरून देतें, आणि तसलीं तयार दारें तालुक्याच्या गांवींहि येतात. आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. स्वस्त व बळकट दार गरिबाच्या घरीं आलें तर आनंदच आहे. परंतु यंत्रासहि नमुना कोणीतरी द्यावा लागतो. पाकळीचा उतार किती असावा, सांवली कोठें पडावी, हें ज्याच्या बोटांस कळलें आहे तोच यंत्राकडून चांगलें काम करवून घेईल; दुसरा मनुष्य बाजारांत मिळणारी नक्षी पुनःपुन्हा छापीत राहील. हस्तकौशल्य शिकलेल्या मुलास यंत्र चाकर होतें. न शिकलेल्यास तें मालक होतें.

तिसरा आक्षेप जुन्या घरांविषयींचा आहे व तो दुःखाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व आपला जिल्हा यांतील हजारों माणसें दगडमातीच्या ढिगाऱ्याखालीं गेलीं. तेव्हांपासून जुन्या माळवदाच्या घराची लोकांनीं धास्ती घेतली, आणि ती योग्यच आहे. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व डोक्यावरील मातीचा अवजड थर हे प्राणघातक ठरले. तें घर जसेंच्या तसें पुन्हा बांधा, असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु सत्य सांगावयाचें तर कित्येक ठिकाणीं भिंती बाहेर कोसळल्या, तरी खांबतुळयांचा लांकडी सांगाडा उभा राहिला. सुतारानें कुसूंत घट्ट बसविलेला सांधा धक्का सोसून टिकला. अपराध होता तो भिंतीच्या रचनेचा व छताच्या ओझ्याचा. शिक्षा मात्र चौकटीसहि झाली. तेव्हां घर अवश्य उतरवावें, नवें व सुरक्षित बांधावें. पण जुनी चौकट नव्या भिंतींत बसवितां येते, हें मालकानें एकदां गवंड्यास विचारून पाहावें.

शेवटीं, नुसतें मत देऊन थांबणें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून तीन विनंत्या करितों. विद्यार्थ्यांस विनंति ही कीं, तुमच्या गल्लींत वा खेड्यांत जुनें घर उतरणार असेल, तर त्याआधीं त्याच्या चौकटीचें माप घ्या, चित्र काढा, छायाचित्र घ्या, आणि घडविणाऱ्याचें नांव कोणा म्हाताऱ्या माणसास आठवत असेल तर तें लिहून ठेवा. पालकांस विनंति ही कीं, मुलाच्या हातांत हत्यार पाहून त्याच्या भवितव्याची चिंता करूं नका. आणि आपल्या घराण्यांत हा धंदा असेल तर त्याविषयीं मुलांपुढें लाजूं नका. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. ज्यांना हा व्यवसाय स्वेच्छेनें करावयाचा आहे त्यांनीं तिची माहिती अवश्य काढावी. शाळेच्या चालकांस विनंति ही कीं, दप्तराविना दहा दिवसांत गांवांतील मिस्त्रींना बोलवावें, आणि बोलवावें तें गुरु म्हणून: वर्गांत शिक्षकाची खुर्ची देऊन, व त्यांच्या दिवसाची मजुरी बुडणार नाहीं एवढें मानधन देऊन. खुर्ची दिली व मानधन दिलें नाहीं, तर तोहि जुनाच अन्याय नव्या वेषांत होईल.

तो कमळाचा तुकडा आम्ही शाळेच्या कपाटांत ठेविला आहे. त्याच्या शेजारीं आतां दुसरा एक तुकडा आहे, आंब्याच्या लांकडाचा. त्यावर आमच्या विद्यार्थ्यानें चार शनिवार मिस्त्रींजवळ बसून आठ पाकळ्यांचें कमळ कोरलें. दोन पाकळ्या लहान-मोठ्या झाल्या आहेत, एकीचें टोंक उडालें आहे, आणि त्या उडालेल्या टोंकाच्या जागीं त्यानें एक कळी काढिली आहे. तुकड्याच्या पाठीमागें त्यानें आपलें नांव, मिस्त्रींचें नांव व वर्ष हीं पटाशीनेंच कोरलीं आहेत. पुढें कोणा मुलानें "हें कोणीं केलें?" असें विचारलें, तर निदान या एका कमळाचें उत्तर शाळेजवळ आहे.